चौथ्यावरून दुसऱ्यावर : ड्रिफ्ट, गिअर आणि खेळयंत्रांचा इतिहास

१/ १९९४च्या सुमारास सेगा कंपनीच्या ‘डेटोना यूएसए’ या खेळयंत्रावर बसलेला सरावाचा खेळाडू वळण जवळ आले की एक चमत्कारिक गोष्ट करत असे. तो ब्रेकवर फारसा विसंबत नसे. गिअरचा दांडा तो चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर ओढी. पडद्यावरच्या गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाई, खेळाडू स्टिअरिंग उलट दिशेला फिरवी आणि वळण सरता सरता गिअर पुन्हा वर चढवी.

२/ वरवर पाहता ही खेळातली एक क्लृप्ती. परंतु हाताच्या त्या एका हालचालीत तीन इतिहास येऊन मिळतात : जपानच्या डोंगरी रस्त्यांचा, मोटारीच्या गिअरबॉक्सचा आणि नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांचा. हा धागा त्या तिघांचा मागोवा घेतो. शेवटी प्रश्न उरतो तो इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळखीचा आहे : एखादे हस्तकौशल्य खेळात टिकून राहिले, तर त्या खेळाला साधन म्हणून किती मोल द्यावे?

३/ आरंभ खऱ्या गाडीपासून. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने तो उतरायचा, हा आपल्याकडच्या चालकांमध्ये रूढ असलेला नियम. त्यामागे साधे यंत्रशास्त्र आहे. खालच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन स्वतःच्या वेगाने फिरू पाहते आणि चाकांना मागे खेचते. उतारावर ब्रेक तापू न देता गाडी ताब्यात राहते ती या ओढीमुळे.

४/ हीच ओढ अवचित आणि अतिरेकाने लावली तर काय होते? मागच्या चाकांवर चालणारी गाडी वेगात असताना चालकाने इंजिनाचे फेरे जुळवून न घेता खालचा गिअर टाकला आणि क्लच झटकन सोडला, की मागच्या चाकांना जोरदार हिसका बसतो. क्षणभर ती जवळजवळ अडकतात आणि रस्त्यावरची त्यांची पकड सुटते. ड्रिफ्टच्या परिभाषेत या युक्तीला ‘शिफ्ट लॉक’ म्हणतात. घाटातल्या चालकाला जे टाळायचे असते, तेच येथे मुद्दाम केले जाते.

५/ याला भाराच्या सरकण्याची जोड मिळते. वेग एकाएकी कमी झाला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते आणि मागची चाके हलकी होतात. त्याच क्षणी स्टिअरिंग वळवले, तर पुढचा भाग वळणाच्या आत शिरतो आणि मागचा भाग बाहेर झुलतो. आता चालकाने स्टिअरिंग उलट फिरवून आणि ॲक्सिलरेटर तोलून धरून गाडीला त्याच तिरप्या अवस्थेत वळण पार करायला लावले, तर त्याला ड्रिफ्ट म्हणायचे.

६/ ड्रिफ्ट सुरू झाल्यावरही गिअरचे काम संपत नाही. घसरत असताना मागची चाके गाडीच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा अधिक वेगाने फिरत असतात आणि इंजिन बांधलेले असते ते चाकांशी. त्यामुळे गाडी मंद असूनही इंजिनाचे फेरे शेवटच्या मर्यादेला जाऊन भिडतात. मग घसरतानाच वरचा गिअर टाकावा लागतो. तो टाकताना क्षणभर जरी शक्ती तुटली, तरी चाके पुन्हा रस्ता पकडतात आणि गाडी झटक्याने विरुद्ध बाजूला फेकली जाते.

७/ म्हणजे खऱ्या ड्रिफ्टमध्ये गिअरची कामे तीन : घसरण सुरू करणे, ती टिकवणे आणि तिच्यातून सुखरूप बाहेर येणे. घसरण सुरू करायला इतरही मार्ग आहेत. हँडब्रेक आहे, क्लचला लाथ मारल्यासारखा झटका देणे आहे. परंतु ती टिकवायची तर इंजिन नेमक्या फेऱ्यांत ठेवावेच लागते आणि त्यासाठी हात गिअरकडे जातोच. खेळांनी यातले काय उचलले आणि काय सोडले, हे पाहताना ही तीन कामे ध्यानात ठेवावीत.

८/ गाडी घसरवत वळण घेणे हा काही जपानचा शोध नव्हे. १९३०च्या दशकात इटलीचा ताझिओ नुवोलारी चारही चाकांवर गाडी सरकवत वळणे घेई. १९५७च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये रूआँच्या उतरत्या वळणांवर हुआन मानुएल फांजिओने आपली मासेराती ज्या तिरप्या अवस्थेत नेली, तिची छायाचित्रे आजही प्रसिद्ध आहेत. तेव्हाचे टायर अरुंद होते आणि त्यांची पकड कमी होती. त्या काळी घसरणे हा वेगाने जाण्याचाच एक मार्ग होता.

९/ पुढे रुंद आणि चिकट पकडीचे टायर आले. शर्यतीच्या मैदानावर घसरणे म्हणजे वेळ गमावणे ठरू लागले. तरीही जपानमध्ये कुनिमित्सु ताकाहाशी या चालकाने ही शैली गाजवली. ते मूळचे मोटारसायकलस्वार. १९६१मध्ये जर्मनीत होंडाच्या २५० सीसी गाडीवर त्यांनी मोटारसायकल ग्रां प्री जिंकली. असा विजय मिळवणारे ते पहिले जपानी. नंतर निस्सानच्या मोटारी चालवताना गाडी आधीच तिरपी करून वळणात शिरण्याची त्यांची रीत प्रेक्षकांच्या मनावर ठसली.

१०/ ही शैली मैदानातून डोंगरात गेली. जपानी भाषेत डोंगरखिंडीच्या रस्त्याला ‘तोगे’ म्हणतात. त्या शब्दाची चित्रलिपीतली खूण जपानातच घडली. तिच्यात तीन चिन्हे एकत्र येतात : पर्वत, वर आणि खाली. मराठी वाचकाला ‘घाट’ हा शब्द पुरेसा आहे. अरुंद रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि एकामागून एक येणारी वळणे. १९७०-८०च्या दशकांत रात्री हे रस्ते मोकळे झाले की तरुण तेथे आपल्या गाड्या घेऊन जमू लागले.

११/ त्यांच्यातलाच एक नागानो प्रांतात १९५६मध्ये जन्मलेला केइची त्सुचिया. ताकाहाशींना पाहून भारावलेल्या या तरुणाने ती शैली घाटात घोटली. त्याचे नाव ज्या गाडीशी कायमचे जोडले गेले ती टोयोटाची एई८६. १९८३ ते १९८७ या काळात ती बनत होती. १.६ लिटरचे इंजिन, हलके वजन, शक्ती मागच्या चाकांना आणि पाच गिअर. सामान्य नोकरदार तरुणाला जुनी गाडी म्हणून परवडेल अशी. जपानी लोक तिला ‘हाचि-रोकु’ म्हणजे ‘आठ-सहा’ म्हणत.

१२/ १९८७मध्ये त्सुचियाच्या घाटातल्या चालवण्याची ‘प्लस्पी’ नावाची चित्रफीत निघाली. आजवर तोंडी सांगोवांगी पसरणारे तंत्र आता घरच्या व्हिडिओवर मागे-पुढे करून पाहता येऊ लागले. चाक कधी वळले, ब्रेक कधी लागला, हात गिअरकडे केव्हा गेला, हे पुन्हा पुन्हा पाहून शिकणारी पिढी तयार झाली. ज्ञान गुरूच्या शेजारच्या आसनावरून पडद्यावर आले. खेळयंत्रांनी पुढे जे केले, त्याची ही पूर्वतयारी होती.

१३/ या कौशल्याची किंमतही सांगितली पाहिजे. ते रस्ते सार्वजनिक होते. समोरून येणाऱ्या गाडीला या सरावाची कल्पना नसे. अपघात झाले, माणसे जखमी झाली, जिवे गेली. पोलिसांनी कारवाया केल्या आणि अनेक घाटांत रस्त्यावर उंचवटे व दुभाजक बसवून ड्रिफ्ट अशक्य करण्यात आले. त्या रात्रींच्या आठवणी आज रम्य वाटतात, परंतु रस्त्यावरचे ते उंचवटे हासुद्धा त्याच इतिहासाचा लेख आहे.

१४/ आता दुसरी वाट, खेळयंत्रांची. १९७४मध्ये अमेरिकेत अटारीने ‘ग्रान ट्रॅक १०’ हे यंत्र आणले. त्याला स्टिअरिंग होते, पायाशी ॲक्सिलरेटर व ब्रेक होते आणि गिअरचा दांडाही होता. त्याच वर्षी जपानमध्ये तैतो कंपनीचे ‘स्पीड रेस’ आले. त्याचे रचनाकार तोमोहिरो निशिकादो पुढे १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मुळे जगभर माहीत झाले. पडद्यावर ठिपक्यांची गाडी असतानाही गिअरचा दांडा मात्र हाताला लागेल असा, खराखुरा होता.

१५/ असे का असावे? पडद्यावरचे चित्र तेव्हा इतके दुबळे होते की मोटारीचा भास चित्रातून निर्माण होणे कठीण होते. तो भास हातापायांतून निर्माण करावा लागे. शिवाय खेळ दोन-चार मिनिटांचा. तेवढ्या वेळात, ज्याने कधी गाडी चालवलेली नाही अशा मुलालाही ‘आपण चालवत आहोत’ असे वाटले पाहिजे. दांडा ओढण्याचा तो खट्ट आवाज हे काम स्वस्तात करी.

१६/ १९८२च्या नामकोच्या ‘पोल पोझिशन’मध्ये फुजी स्पीडवे हे खरे शर्यतीचे मैदान पडद्यावर आले. गिअर मात्र दोनच : लो आणि हाय. आरंभी लो, वेग धरला की हाय. गाडीच्या गिअरबॉक्समध्ये जे अनेक टप्प्यांचे गणित असते, ते येथे एका होय-नाहीत आटोपले. गिअर ही एक यंत्रणा न राहता खेळाडूच्या हातातली एक खूण होऊ लागली, तिची सुरुवात येथे दिसते.

१७/ १९८६मध्ये सेगाचे ‘आउट रन’ आले. रचनाकार यू सुझुकी. लाल उघडी फेरारी टेस्टारोसा, शेजारी प्रवासी स्त्री, वाटेत फुटणारे फाटे आणि पाच वेगवेगळे शेवट. मोठ्या यंत्रात खेळाडूचे आसनच डावी-उजवीकडे झुके. गिअर येथेही दोनच होते. पण या दोन गिअरांतून खेळाडूंनी असे काही शोधून काढले, जे खऱ्या गाडीच्या दुनियेत कोठेच नव्हते.

१८/ त्या युक्तीला जपानी खेळाडू ‘गिअर गाचा’ म्हणत. ‘गाचा’ हा खडखडाटाचा ध्वनी. मराठीत ‘खडाखड’ म्हणावे तसा. गाडी रस्ता सोडून गवतात वा वाळूत गेली की तिचा वेग कोसळत असे. परंतु त्याच वेळी दांडा हाय-लो-हाय असा झपाट्याने हलवला, तर वेग टिकून राही. मग रस्त्याबाहेरूनच वळण कापत जाता येई. खऱ्या गाडीत असे काही होत नाही. ते त्या यंत्राच्या हिशोबातले छिद्र होते.

१९/ इतिहासाच्या दृष्टीने हा क्षण मोलाचा आहे. येथे गिअरचे कौशल्य प्रथमच मोटारीपासून पूर्ण सुटले. ते शिकायला गाडी चालवता येण्याची गरज नव्हती. उलट गाडीचा अनुभव आड येण्याचीच शक्यता अधिक. तरीही ते कौशल्यच होते. त्याला वेळ साधावी लागे, सराव लागे आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे यंत्राशेजारी उभे राहूनच जाई. घाटातल्या तंत्राचा प्रसार आणि या युक्तीचा प्रसार यांत फारसा फरक नव्हता.

२०/ तीन वर्षांनी उलट दिशेचा प्रयत्न झाला. १९८९मध्ये अटारी गेम्सने ‘हार्ड ड्रायव्हिन’ काढले. किल्ली फिरवून इंजिन सुरू करायचे, क्लच दाबायचा आणि न्यूट्रलसह चार गिअरांच्या दांड्यातून हवा तो निवडायचा. स्टिअरिंग हाताला विरोध करी. गाडीच्या वागणुकीच्या गणितासाठी डग मिलिकेन या वाहन-गतिशास्त्राच्या जाणकाराचे साहाय्य घेतले होते. येथे गिअर पुन्हा यंत्रणा झाला. हौशी मुलासाठी हे कठीण होते. म्हणूनच त्यात आपोआप गिअर बदलण्याचीही सोय ठेवली होती.

२१/ १९९३मध्ये नामकोचे ‘रिज रेसर’ आले आणि त्याने ड्रिफ्टलाच खेळाचे हृदय केले. वळणाआधी ॲक्सिलरेटर क्षणभर सोडायचा, स्टिअरिंग वळवायचे, पुन्हा ॲक्सिलरेटर दाबायचा. गाडी लांबच लांब सरकत जाई आणि वेग फारसा घटत नसे. खऱ्या ड्रिफ्टमध्ये टायर झिजतो, वेग जातो. येथे घसरणे हेच वेगाचे बक्षीस होते. नुवोलारीच्या काळातील समज साठ वर्षांनी अशा रीतीने पडद्यावर परतला.

२२/ याच खेळाची एक आवृत्ती पाहण्यासारखी होती. तिच्यात यंत्राच्या जागी खरीखुरी लाल युनोस रोडस्टर मोटार ठेवलेली असे. समोर भलामोठा पडदा. खेळाडू दार उघडून गाडीत बसे, तिची किल्ली फिरवी आणि तिच्याच क्लच-गिअरने पडद्यावरची गाडी चालवी. खोटी गाडी चालवण्यासाठी खरी गाडी जागेवर उभी करण्याचा हा प्रकार त्या काळातील जपानी आर्केडची हौस आणि ऐपत दोन्ही सांगून जातो.

२३/ आणि मग ‘डेटोना यूएसए’. दिग्दर्शक तोशिहिरो नागोशी. चार गिअरांचा दांडा, आणि यंत्रे जोडून आठ जणांपर्यंत एकत्र शर्यत. विषय अमेरिकन स्टॉक-कार शर्यतीचा. पण वळण घेण्याची रीत जपानी घाटाशी नाते सांगणारी. चौथ्यावरून दुसऱ्यावर किंवा तिसऱ्यावर उतरले की गाडी घसरे. आपोआप गिअर निवडलेल्या खेळाडूच्या हाती ही चावी नसे. त्यामुळे ओळीने बसलेल्या आठ जणांत कोण सरावाचे, हे दांड्याच्या आवाजावरून ओळखू येई.

२४/ यात खरे किती? कारण खरे आहे : खालचा गिअर मागच्या चाकांना अडवतो आणि पकड सोडवतो. परिणाम मात्र वगळलेले आहेत. भरधाव गाडीत चौथ्यावरून दुसऱ्यावर उतरले, तर चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन निकामी होते. मोटारींच्या जगात या चुकीला ‘मनी शिफ्ट’ म्हणतात, कारण पुढचा झटका खिशाला बसतो. खेळात खर्च फक्त एका नाण्याचा.

२५/ याच सुमारास खऱ्या रस्त्यावर काय घडत होते, तेही पाहावे. १९९१मध्ये जपानने फक्त ऑटोमॅटिक गाड्यांपुरता मर्यादित असा वाहनपरवाना सुरू केला. क्लच न शिकताही परवाना मिळू लागला. बहुसंख्य नव्या गाड्यांतून गिअरचा दांडा हळूहळू नाहीसा होत गेला. म्हणजे ज्या दशकात रस्त्यावरच्या हाताला गिअरची सवय सुटत होती, त्याच दशकात आर्केडमधला हात ती सवय लावून घेत होता.

२६/ १९९५च्या सुमारास तेत्सुया मिझुगुची यांच्या ‘सेगा रॅली चॅम्पियनशिप’ने आणखी एक पायरी गाठली. टोयोटा सेलिका आणि लान्सिया डेल्टा या रॅलीच्या गाड्या त्यात होत्या. डांबर, खडी आणि चिखल यांवर गाडी वेगवेगळी घसरे. आता एकच युक्ती सगळीकडे चालत नव्हती. खालचा गिअर कोठे आणि किती लवकर टाकायचा, हे रस्ता पाहून ठरवावे लागे. खूण झालेला गिअर पुन्हा काही अंशी विचार मागू लागला.

२७/ त्याच १९९५मध्ये कोदान्शाच्या ‘यंग मॅगझिन’मध्ये शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा सुरू झाली. ती २०१३पर्यंत चालली आणि तिचे ४८ खंड झाले. नायक ताकुमि फुजिवारा वडिलांच्या एई८६मधून पहाटे टोफू पोहोचवायला घाट उतरतो आणि त्यातूनच त्याचा हात तयार होतो. कथेतला आकिना पर्वत म्हणजे गुन्मा प्रांतातला हारुना. वर्तमान घाट संपत आलेला असताना त्याची गाथा लिहिली जात होती.

२८/ त्याच वर्षी त्सुचिया फ्रान्समध्ये होता. ‘ल मां’च्या चोवीस तासांच्या शर्यतीत होंडा एनएसएक्सने जीटी२ गटात विजय मिळवला. चालक तिघे : अकिरा इडा, केइची त्सुचिया आणि ज्यांना पाहून तो शिकला ते कुनिमित्सु ताकाहाशी. घाटात वाढलेला शिष्य आणि त्याचा आदर्श एकाच गाडीचे स्टिअरिंग आळीपाळीने धरत होते. २००१पासून डी१ ग्रां प्रीच्या रूपाने ड्रिफ्टला बंदिस्त मैदान आणि परीक्षकही मिळाले.

२९/ या गाथेवरून सेगाने २०००नंतर ‘इनिशियल डी आर्केड स्टेज’ ही यंत्रे काढली. खेळाडूची गाडी आणि प्रगती एका कार्डावर साठवली जाई. ते खिशात घालून तो पुन्हा येई. दांडा वर-खाली अशा दोनच दिशांचा, पण गिअर अनेक. हारुनाच्या वळणांवर ब्रेक, गिअर आणि स्टिअरिंग यांचा क्रम पाठ करणारी ही पिढी होती. त्यांतल्या अनेकांनी खरा हारुना कधी पाहिलाही नसेल.

३०/ २००३च्या ‘आउट रन २’मध्ये वर्तुळ पुरे झाले. पहिल्या ‘आउट रन’मध्ये गिअरची खडाखड ही खेळाडूंनी शोधलेली पळवाट होती. दुसऱ्यात ड्रिफ्ट हाच राजमार्ग झाला. वळणाआधी ब्रेकला हलका स्पर्श करा किंवा खालचा गिअर टाका आणि स्टिअरिंग वळवा, गाडी घसरू लागे. एका पद्धतीत तर शेजारची प्रवासीच ड्रिफ्टची फर्माईश करी. खेळाडूंची चोरवाट काही वर्षांनी रचनाकारांचा नियम होते, याचे हे बोलके उदाहरण.

३१/ घरोघरी मात्र दांडा पोहोचला नाही. ‘रिज रेसर’ डिसेंबर १९९४मध्ये जपानात पहिल्या प्लेस्टेशनबरोबर घरी आला, तो हातातल्या बटणांवर. २००३च्या ‘नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड’मध्ये ड्रिफ्टच्या गुणांची स्वतंत्र स्पर्धा होती. भारतातल्या एका पिढीला ड्रिफ्ट हा शब्द संगणकावरच्या अशा खेळांतून कळला. आपोआप गिअर, बाणांच्या कळा आणि हँडब्रेकची एक कळ. गिअरची तिन्ही कामे त्या एका कळीखाली दबली.

३२/ दुसरीकडे १९९७च्या ‘ग्रान तुरिस्मो’पासून काझुनोरी यामाउची यांनी घरच्या खेळाला खऱ्या मोटारीच्या जवळ नेले. २००६मध्ये लॉजिटेकने क्लच आणि सहा गिअरांच्या दांड्यासह जी२५ हा संच विकायला आणला. २०१४मध्ये इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनीचा ‘असेत्तो कोर्सा’ पूर्ण झाला आणि ड्रिफ्टच्या हौशींनी तो आपलासा केला. येथे घसरताना वरचा गिअर टाकायला उशीर झाला, तर गाडी खरोखरीसारखी उलटी फिरते. सहाव्या मुद्द्यातले यंत्रशास्त्र अखेर पडद्यावर आले.

३३/ आता साधनांचा प्रश्न. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना बखरींपेक्षा अस्सल पत्रांना अधिक मोल दिले, हे या वाचकांना ठाऊक आहे. बखरीतल्या तारखा आणि आकडे बेभरवशाचे असतात. पण कोणत्या गोष्टी सांगण्याजोग्या वाटल्या, शौर्य कशाला म्हटले गेले, हे बखर प्रामाणिकपणे सांगते. ‘डेटोना’ किंवा ‘आउट रन २’ यांच्याकडे बखर म्हणून पाहिले, तर त्यांची साक्ष नीट घेता येते.

३४/ गाडी कशी घसरते, हे त्यांना विचारू नये. १९९०च्या दशकातल्या तरुणाला मोटार चालवण्यातला कोणता क्षण सर्वांत हवासा वाटे, हे विचारावे. उत्तर स्पष्ट येते : पकड सुटण्याचा क्षण आणि तो स्वतःच्या हाताने घडवल्याची जाणीव. म्हणूनच ब्रेक, टायर, पेट्रोल, दुरुस्तीचा खर्च सारे गळाले तरी दांडा उरला. विस्मरणात काय गेले आणि काय राखले गेले, यांतील फरकच येथे पुरावा आहे.

३५/ परंतु हा पुरावाही झिजत चालला आहे. १९९७मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या ‘मेम’ या प्रकल्पामुळे हजारो आर्केड खेळांच्या आज्ञावली साध्या संगणकावर चालू शकतात. हे काम मोठेच आहे. मात्र तेथे ‘गिअर गाचा’ करायचा तो कळफलकावरची कळ दाबून. आज्ञावली वाचते; दांड्याचे वजन, त्याचा अडखळता खाचा, झुकणारे आसन वाचत नाही. पोथीतली अक्षरे राहावीत आणि ती म्हणण्याची चाल हरवावी, तसे हे आहे.

३६/ जुनी यंत्रे भंगारात जातात ती प्रथम त्यांच्या हलत्या भागांमुळे. दांडा सैल होतो, त्याखालचे स्विच झिजतात, सुटा भाग मिळत नाही. गड-किल्ले आणि कागदपत्रे यांच्या जतनाविषयी आपल्याकडे जागरूकता आली आहे. हातांच्या सवयींचे जतन कसे करायचे, हा प्रश्न त्यामानाने नवा आहे. एखादे चालू यंत्र आणि ते खेळणारे हात यांचे चित्रण एकत्र ठेवणे, हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय. ‘प्लस्पी’ने घाटासाठी नेमके तेच केले होते.

३७/ रस्त्यावरचा गिअरही आता ओसरतो आहे. भारतात २०१४च्या मारुती सेलेरिओने स्वस्त गाडीतही क्लचविना गिअर बदलण्याची सोय आणली. विजेच्या बहुतेक गाड्यांत तर बदलण्याजोगे गिअरच नसतात. मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे टप्प्यांची गरज उरत नाही. ज्या अडचणीतून गिअरबॉक्स जन्मला, ती अडचणच नाहीशी होत आहे.

३८/ आणि तरीही २०२३मध्ये ह्युंदाईने आपली विजेवर चालणारी ‘आयोनिक ५ एन’ आणली, तेव्हा तिच्यात आठ खोटे गिअर घातले. स्टिअरिंगमागची पाती ओढली की मोटरचा जोर मुद्दाम तुटतो, गाडीला हिसका बसतो आणि इंजिनाचा आवाज स्पीकरमधून येतो. तिच्यात ड्रिफ्टसाठी मदतनीस यंत्रणाही आहे. १९७४मध्ये खेळयंत्राने मोटारीचा दांडा उसना घेतला होता. जवळजवळ पन्नास वर्षांनी मोटारीने खेळाकडून गिअरची नक्कल उसनी घेतली.

३९/ ताकाहाशी मार्च २०२२मध्ये निवर्तले. त्यांच्या हातांनी जे केले त्याचा काही भाग घाटात गेला, काही चित्रफितीत, काही ‘डेटोना’च्या दांड्यात आणि आता काही विजेच्या गाडीच्या खोट्या हिसक्यात. प्रत्येक टप्प्यावर कारण थोडे गळाले आणि खूण उरली. भविष्यातला संशोधक जेव्हा विचारील की माणसे गिअर नसलेल्या गाडीत गिअर का टाकत होती, तेव्हा उत्तरासाठी त्याला जुन्या आर्केडमधल्या त्या ओळीने मांडलेल्या आसनांपर्यंत मागे यावे लागेल. तोवर त्यांतले निदान एक यंत्र चालू स्थितीत असले पाहिजे.

(धागा समाप्त)